चॉकलेटचा सौदा

मूल आपणहून चित्रं काढत असेल तर ‘काढलंस तर चॉकलेट’ म्हणू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली हेच तपासलं. स्केचपेनांची मुळातच आवड असलेली ३ ते ५ वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं: चित्र काढा, सोनेरी चांदणी नि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. आठवड्या-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ती मुलं पेनांशी इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ रमली. बक्षीस अवचित मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली. घोळ घालतो तो आधी ठरलेला सौदा. ‘मी माझ्या मर्जीने करतोय’ हेच त्यात निसटतं. पाढ्यांसारख्या कंटाळवाण्या कामाला थोडी लालूच चालते, बरं का. चित्र काढलं की मुलाला फक्त विचारा, ‘शेपूट असं का वळवलंस?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.