एफएसएचची दोन रूपे आणि दोन पेशींवर अडलेले भ्रूण

एफएसएच, म्हणजे अंडाशयातील बीजपुटके (अंडपेशी ज्यात वाढते त्या पिशव्या) वाढवणारे संप्रेरक, एकाच रूपाचे असते, अशा समजुतीने मी संशोधनाला सुरुवात केली होती. प्रत्यक्षात पीयूषिका ग्रंथी ते अनेक रूपांत सोडते. माणसाच्या एफएसएचमधील ९२ आणि १११ अमिनो आम्लांच्या दोन प्रथिनसाखळ्या त्याच राहतात; त्यांच्यावर चार जागी जडलेले शर्करांचे झुबके मात्र बदलतात. ज्या रूपात सियालिक आम्ल (या झुबक्यांच्या टोकांना असणारी आम्लधर्मी शर्करा) जास्त, ते अधिक आम्लधर्मी असते आणि रक्तात जास्त वेळ टिकते. कमी आम्लधर्मी रूप लवकर निघून जाते, पण पेशीवर त्याचा जोर अधिक असतो. बीजमोचनाच्या सुमारास, इस्ट्रोजेन चढलेले असताना, या दुसऱ्या रूपांचे प्रमाण वाढते. अंडपेशी पक्व होण्याच्या आणि पुढे भ्रूण वाढण्याच्या दृष्टीने या फरकाला काही अर्थ आहे का, हे उंदराच्या अंडपेशींवर तपासणे हे माझे काम होते.

पहिले काही महिने हात बसवण्यातच गेले. एफएसएचला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) अंडपेशीभोवती वेष्टनासारख्या असलेल्या क्युम्युलस पेशींवर असतात. त्या गळून पडल्या की उघडी अंडपेशी एफएसएचला दाद देत नाही. त्यामुळे ओढून बारीक केलेल्या काचनळीने तिला वेष्टनासकट उचलावे लागते, आणि नळीचे तोंड जरा अरुंद असले तरी वेष्टन सोलून निघते. शिवाय बीजपुटकातून बाहेर आलेली अंडपेशी आपणहून पक्व होऊ लागते, म्हणून माध्यमात सुमारे ४ मिलीमोलर हायपोझँथिन (पक्वता रोखणारे रसायन) घालून तिला रोखून धरतात आणि संप्रेरक तो अडसर काढते का, हे पाहतात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा फुललेले वेष्टन दिसले, तो क्षण मला अजून लख्ख आठवतो: घट्ट बिलगलेल्या पेशी हायल्युरोनिक आम्लाच्या चिकट जाळ्यात दूरदूर पसरल्या होत्या, मधल्या अंडपेशीतील केंद्रक विरघळले होते आणि तिच्या कडेला इवलीशी पोलर बॉडी (पक्व होताना अंडपेशी बाहेर टाकते ती छोटी पेशी) बाहेर पडली होती.

कमी आम्लधर्मी रूपाने हे थोड्या मात्रेत साधले. आम्लधर्मी रूपाला मात्रा वाढवून द्यावी लागली. मग मी दोन्ही गटांतील पक्व अंडपेशी फलित करून वाढवल्या. आम्लधर्मी गटातील भ्रूण दोन पेशींवर थांबले, दुसऱ्या गटातील पुढे ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात रुजण्याआधीच्या पोकळ गोळ्याच्या टप्प्यापर्यंत, गेले. उंदरात भ्रूणाचे स्वतःचे जनुक मुख्यतः दोन पेशींच्या टप्प्यावरच जागे होतात, त्यामुळे संप्रेरकाचा परिणाम इथवर पोहोचला, असे मी त्याच संध्याकाळी लिहूनही टाकले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वही वाचून एकच विचारले, "दोन्ही गट सारखेच धुतलेत ना?" हायपोझँथिन निघून जावे म्हणून अंडपेशी ताज्या माध्यमाच्या थेंबांतून धुवून पुढे न्यायच्या असतात. तसे सारखे झाले नव्हते. त्या दिवशी धुण्याचे थेंब कमी पडले आणि आम्लधर्मी गट मी एकाच थेंबातून पुढे नेला होता. हायपोझँथिन काही उंदरांच्या भ्रूणांना नेमके दोन पेशींवर अडवते, आणि त्यासाठी ३० मायक्रोमोलरइतकी मात्राही पुरते. नळीतून एक मायक्रोलिटर द्रव पन्नास मायक्रोलिटरच्या थेंबात गेला, तरी तिथे सुमारे ८० मायक्रोमोलर होतात. हा हिशेब कागदावर मांडताना मला फार वाईट वाटले, कारण तो आधी करायला हवा होता.

त्यानंतर प्रत्येक गट चार ताज्या थेंबांतून धुतला, गटांचा क्रम दर वेळी बदलला, डिशवर फक्त आकडे टाकले आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे मोजणी संपेपर्यंत सहकाऱ्याकडे ठेवले. बीजवाहिनीतून थेट घेतलेले भ्रूणही त्याच माध्यमात शेजारी वाढवले, म्हणजे माध्यम बिघडले तर ते कळावे. असे केल्यावर पक्वतेतील फरक टिकला. भ्रूणांच्या वाढीतील फरक मात्र इतका आटला की मी त्यावर काहीही बेतू शकत नव्हते. वहीतील जुने वाक्य खोडले नाही. त्याखाली तारीख घालून धुण्याच्या थेंबांची संख्या लिहिली.