तुम्ही विचारलंत म्हणून: बी.एड. असताना पुन्हा का शिकले?

"बी.एड. होतं, सांगलीत बारा वर्षं गणित शिकवलंस, मग दुबईत जाऊन आणखी कसली पदवी?" लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न हमखास येतो. 'हौस' म्हणते आणि मठ्ठा मागते. आज नीट सांगते.

हौस कसली! तिथल्या एका शाळेत नमुना पाठ द्यायचा होता. सातवीचा वर्ग, वर्तुळाचा परीघ. पाच मिनिटांत सूत्र फळ्यावर, पाठोपाठ तीन उदाहरणं, अक्षर मोत्यासारखं. मागच्या एका मुलीनं हात वर केला. वर्तुळ मोठं झालं तरी पाय (π) तेवढाच कसा? म्हटलं, "ते पुढच्या इयत्तेत येईल." तिनं हात खाली घेतला. निरीक्षक बाईंनी नंतर एवढंच विचारलं, "पुढच्या म्हणजे कुठल्या इयत्तेत?" मला सांगता येईना. बारा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. नाही, विचारलं असणार. मीच हेच उत्तर दिलं असणार.

नोकरी मिळाली नाही. त्या रात्री डब्यांची झाकणं काढून दोऱ्यानं मोजत बसले. परिघाएवढा दोरा व्यासावर तीनदा बसायचा आणि वर थोडा उरायचा. झाकण कुठलंही घ्या, उरलेला तुकडा व्यासाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. जन्मभर घोकलेलं बावीस छेद सात ते हेच.

मग २०२१ मध्ये ऑनलाइन पीजीसीईआयची, म्हणजे परदेशातल्या शिक्षकांसाठीच्या ब्रिटिश पदव्युत्तर प्रमाणपत्राची, फी भरली. त्यातून इंग्लंडचा क्यूटीएस, म्हणजे तिथला शिक्षकाचा दर्जा, आपोआप मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. बरं, अर्धवट ठाऊक होतं. आणि २०२३च्या फेब्रुवारीत इंग्लंडनं भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना त्यासाठी थेट अर्जाची सोय केली. म्हणजे बी.एड. आणि अनुभवावरच! हसा.

प्रवेशाच्या अर्जात मी लिहिलं होतं, 'जागतिक नागरिक घडवायचे आहेत.' आज ते वाचवत नाही. पदवीवर शिक्के मिळवायला मंत्रालयाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला पगार हवा होता, त्यात लाज कसली? पण नुसता पगारच हवा होता म्हणावं, तर ती झाकणं कशाला मोजली?

शिकले त्याचा उपयोग झाला. आता मुलं आधी दोरा घेतात, सूत्र मागून येतं. फक्त एक गोष्ट पंगतीत सांगता येत नाही. सांगलीच्या आमच्या शाळेत एक सर बांगड्या आणि दोरा घेऊनच परीघ शिकवायचे. त्यांचा पोर्शन कधी वेळेत संपायचा नाही, आणि स्टाफरूममध्ये त्यांना हसणाऱ्यांत मी पुढे असायचे.

त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. अजून लावलेला नाही.