टपालपेटीचे कुलूप बदलताना: मापे, पट्टी आणि पावसाळा

एप्रिलअखेर

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या घराच्या फाटकाशेजारी, कुंपणाच्या पश्चिमेकडील भिंतीवर बसवलेली पत्र्याची टपालपेटी अजून भक्कम आहे. तिचे कुलूप मात्र कामातून गेले आहे. किल्ली अर्धवट फिरलेल्या स्थितीतही बाहेर निघते आणि टेबलाच्या खणाची किल्ली जराशी हलवत घातली तरी पेटी उघडते. ही दोन्ही लक्षणे एकाच झिजेची आहेत.

लहान पेट्या, टेबलाचे खण आणि लोखंडी कपाटातील आतले कप्पे यांना जे कुलूप असते ते बहुधा कॅम लॉक असते. त्याच्या फिरणाऱ्या नळीत पितळेच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला बारीक स्प्रिंगचा रेटा असतो. किल्ली नसताना या चकत्या नळीबाहेर डोकावून कवचाच्या खाचेत अडकतात. योग्य किल्ली घातली की तिच्या दात्यांनुसार प्रत्येक चकती नळीच्या कडेशी समपातळीत येते आणि नळी फिरते. नळी फिरलेली असताना कवचाची आतली भिंत चकत्यांना दाबून धरते, म्हणून किल्लीही अडकून राहायला हवी. चकत्या आणि किल्लीचे दाते दोन्ही झिजले की ही पकड जाते आणि परकी किल्लीही जवळपास खरी ठरते. घराच्या मुख्य दाराला असते ते खुंट्यांचे कुलूप, ज्याची पेटंटे अमेरिकी कुलूपकार धाकट्या लायनस येल यांनी १८६१ आणि १८६५ मध्ये घेतली, ते यापेक्षा बारकाईचे असते. टपालपेटीला त्याची गरज नाही, परंतु चकत्यांचे कुलूपही सुस्थितीत असलेच पाहिजे.

हे काम मी मनावर घेतले त्याला कारण आहे. सही घेऊन हाती दिले जाणारे टपाल पेटीत पडतच नाही. पेटीत येते ते साधे टपाल, म्हणजे विम्याच्या सूचना, मासिके, लग्नपत्रिका आणि माझ्या बाबतीत इतर तिकीटसंग्राहकांनी पाठवलेली पाकिटे. साध्या टपालाची पोचपावती नसते, त्यामुळे ते पेटीतून कोणी नेले तर नेल्याचेही कळत नाही. नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापलेले तिकीट देशभर फिरून, शिक्क्यासह पुन्हा नाशिकला माझ्या दारी येते, तेव्हा त्या पाकिटाची राखण मला महत्त्वाची वाटते.

मे, पहिला आठवडा

या कामात सर्वाधिक वेळ मोजमापाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. कुलपाचे तोंड पाहून खरेदी केली तर फसगत होते, कारण बाहेरून सारखी दिसणारी कुलपे आतून निरनिराळी असतात.

दार उघडून आतून पाहिले असता मागच्या टोकाला एका स्क्रूने धरलेली आडवी पट्टी दिसते. कॅम म्हणतात तो हाच भाग, आणि चौकटीमागे अडकून दार धरून ठेवण्याचे काम तोच करतो. स्क्रू काढला की पट्टी सुटते. कुलपाचे धड पत्र्याला कधी यू आकाराच्या क्लिपने, तर कधी मोठ्या नटने आवळलेले असते. आमच्याकडे क्लिप होती. पेचकसाच्या टोकाने ती बाजूला सरकवली आणि कुलूप पुढून हातात आले.

पत्र्यातील भोक पूर्ण गोल नसून दोन समोरासमोरच्या बाजूंनी सपाट आहे. गोलाईच्या दिशेने ते १९ मिलिमीटर आणि सपाट बाजूंमध्ये १६ मिलिमीटर भरले. या सपाट बाजूंमुळेच किल्ली फिरवताना संपूर्ण कुलूप गरगरत नाही, म्हणून नवे कुलूप आत जावे यासाठी भोक कानशीने गोल करण्याचा मोह टाळावा. दाराच्या पुढच्या पृष्ठभागापासून चौकटीच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर २० मिलिमीटर आले. सरळ पट्टी हवी असेल तर कुलपाच्या धडाची लांबी याच मापाशी जुळली पाहिजे. शेवटचे माप भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या टोकापर्यंतचे, ते ३४ मिलिमीटर.

मे, दुसरा आठवडा

रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात गेले, ती जुने कुलूप बरोबर घेऊनच. मापे अजूनही सुतात बोलली जातात आणि एका इंचाचे आठ सूत होत असल्याने आपले १९ मिलिमीटरचे भोक तिथे ‘सहा सुती’ ठरते.

दुकानदारांनी जुने कुलूप उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “ताई, पट्टी सरळ देऊ का बाकाची?” त्यांच्याकडे १६ मिलिमीटर धडाचे कुलूप बाकदार पट्टीसह होते आणि २० मिलिमीटर धडाचे सरळ पट्टीसह. दोन्ही आमच्या पेटीला चालली असती, तरीही मी दुसरे घेतले. दार ओढले की बाकदार पट्टीवर वाकवणारा ताण येतो आणि पातळ पट्टी हळूहळू सरळ होऊ लागते. सरळ पट्टीला ही अडचण नसते.

आणखी दोन गोष्टी तपासून घेतल्या. किल्ली फक्त बंद स्थितीतच निघेल असे कुलूप निवडले, म्हणजे पेटी उघडी टाकून किल्ली घेऊन जाणे शक्यच होत नाही. शिवाय कुलपाच्या तोंडावर आणि किल्लीवर कोरलेला क्रमांक पाहिला. स्वस्त कुलपांमध्ये किल्ल्यांचे नमुने मर्यादित असतात आणि समान क्रमांकाची कुलपे एकाच किल्लीने उघडतात, म्हणून शेजारच्या पेटीचा क्रमांक वेगळा असल्याची खात्री केलेली बरी. हा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला. किल्लीचे छायाचित्र मात्र कोणालाही पाठवू नये. दात्यांच्या उंचीवरून किल्ली तयार करता येते.

मे, अखेर

मृग लागण्यापूर्वी पेटी सज्ज असावी म्हणून बसवणीचे काम आता उरकले. भोकाच्या कडेचा रंग उडून गंज आला होता. तो पॉलिश पेपरने घासून काढला, कडेला रेड ऑक्साइडचा हात दिला आणि तो पूर्ण वाळू दिला. बाजारातील बहुतेक कॅम लॉक जस्ताच्या मिश्रधातूचे असून वर क्रोमचा मुलामा असतो. लोखंडाला टेकलेले जस्त ओलाव्यात लवकर खराब होते, त्यामुळे सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रबराचा वायसर कापून तो कुलपाच्या तोंडामागे घातला. त्याने पाणीही आत झिरपत नाही.

नवे कुलूप नटचे आहे. नट हाताने पूर्ण फिरवून मग पान्याने केवळ पाव फेरा दिला, कारण मऊ धातूचे आटे जास्त जोराने सहज मरतात. नटनंतर छोटी थांबपट्टी येते, आणि पट्टी घड्याळाच्या दिशेने वळणार की उलट, हे थांबपट्टीच्या बसण्यावर ठरते. ती उलटसुलट लावून पाहिली आणि बंद स्थितीत पट्टी चौकटीमागे व किल्लीची चीर उभी राहील अशी रचना पक्की केली. आडव्या चिरेत पावसाचे पाणी साचून राहते.

नवी पट्टी ४५ मिलिमीटरची होती. आधी ती तशीच लावून चौकटीची जागा पेन्सिलीने आखली, मग ३४ मिलिमीटरवर करवतीने कापली आणि टोक कानशीने गोल केले. कापलेल्या कडेलाही रेड ऑक्साइड लावले. वंगण म्हणून तेल वापरले नाही. उन्हाळ्यातील धूळ तेलात कालवली की चकत्यांभोवती चिकट राब तयार होतो. मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंवर घासून किल्ली आत-बाहेर केली, तेवढे ग्राफाइट पुरते.

जून

पाऊस पश्चिमेकडून झोडपतो आणि पेटीचे तोंडही त्याच बाजूला आहे. पहिल्या जोरदार सरींनंतर कुलपाच्या मागची बाजू कोरडी निघाली, किल्लीही अडखळली नाही. आतल्या तळाशी ओल दिसली ती पत्रे टाकण्याच्या फटीतून आलेली, म्हणून त्या फटीवरची झडप पुढच्या कामात घेतली आहे. तिच्या बिजागरीची लोखंडी कांडी गंजून बारीक झाली आहे आणि झडप पूर्ण मिटत नाही. त्या जागी पितळी तार घालायची व झडपेच्या खालच्या कडेला ट्यूबच्या रबराची पट्टी लावायची, असे ठरवले आहे. रबर किती रुंद ठेवावे म्हणजे जाड मासिक अडणार नाही, हे कागदी नमुना कापून आधी पाहणार आहे.