एवढं मजबूत

रविवार, रात्री

“एवढं मजबूत तर आपलं घर बी नव्हतं.”

एवढंच म्हणाले अण्णा. मग चहा घेतला, नातवाच्या हातात पन्नासची नोट कोंबली आणि औशाची गाडी सापडती म्हणून निघाले. मी संध्याकाळभर भाकरी थापता थापता तेच घोळवतेय. टोमणा होता? कौतुक होतं? अण्णांच्या बोलण्यात या दोन्हींतला फरक ओळखू येत नाही, ही आमच्या घरातली जुनीच अडचण.

बोलावलं मीच होतं. माशांच्या टाकीचा स्टँड झालाय, बघून जा म्हणून. टाकी अजून दुकानातच आहे. हॉलमध्ये नुसता लाकडी सांगाडा, पॉलिशचा वास येणारा. त्यात दाखवण्यासारखं काय असतं म्हणा. पण मला दाखवायचं होतं.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. ऐकायला काही फार वाटत नाही. दुकानदारानं तर “अँगलचा स्टँड देतो ताई, वेल्डिंग करून” असं म्हणून विषय मिटवलाच होता. मी घरी येऊन लेकाच्या रफ वहीत हिशोब मांडला. बारा घनफूट म्हणजे काठोकाठ ३४० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ३४० किलो. १२ मिलिमीटरची काच, ती ७५-८० किलो. तळाची खडी न् दगड धरले की साडेचार क्विंटलच्या वर. सोयाबीनचे नऊ कट्टे एका टेबलावर रचल्यासारखं, आणि तेही हिंदकळणारे.

वरच्या मजल्यावर, लेकाच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशोब करताना माणसं, सामानसुमान असं वापरातलं वजन चौरस मीटरला २०० किलो धरतात. टाकीखाली ते ८०० च्या घरात जातं. स्लॅब काही लगेच खाली येत नाही, भिंतीच्या कडेला तुळईजवळ ठेवली तर चालतंही, असं इंजिनिअर भाऊजी म्हणाले. ‘चालतंही’ हे मला चाललं नाही. टाकी खाली हॉलमध्ये, शहाबादी फरशीवर. फरशीखाली मुरूम आणि मुरमाखाली पृथ्वी. (हिच्यावर तरी किती विश्वास ठेवायचा, ते आम्ही लातूरवाले जाणतो.)

लाकूड घरचंच. म्हणजे त्या घरचं. तीस वर्षांहून जास्त काळ नव्या गावातल्या गोठ्यात एका अंगाला पडून होते ते खांब. नेऊ का म्हणून फोनवर विचारलं तर अण्णा म्हणाले, “ने की. वाळवीनं बी खाल्लं नाही त्यायला.” बाकी काही नाही. कशाला पाहिजेत, हेसुद्धा नाही.

जुनं सागवान सॉ मिलवाला आधी हातातच घेईना. खिळे असतात, पातं जातं. सुतारकाकांनी बसून एकेक खिळा उपटला, चौकोनी डोक्याचे, गंजून काळे झालेले. मग तीन इंची पाय कापून मिळाले. इतकं मुरलेलं लाकूड आता वाकत नाही, तडकत नाही, जे काय वाकायचं ते कधीच वाकून झालंय. रंधा फिरला तशी आतून मधासारखी पिवळी लकेर निघाली. काका म्हणाले, असलं लाकूड आता मिळत नाही. हे वाक्य सगळेच सुतार म्हणतात, पण या वेळी मला खरं वाटलं.

काकांचं पहिलं तत्त्व: वजन लाकडानं पेलायचं, स्क्रूनं नाही. वरची चौकट पायांच्या अंगाला ठोकली की सगळा भार त्या चार-सहा स्क्रूंवर लटकतो. म्हणून चौकट पायांच्या डोक्यावर बसवायची, भार सरळ लाकडातून लाकडात, लाकडातून जमिनीत. स्क्रू न् फेविकॉल फक्त सगळ्यांना जागेवर धरायला. पाय चार पुरतील म्हणाले, मी मधे दोन घालून सहा करायला लावले. वर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्याच्यावर थर्माकोलची शीट, म्हणजे काचेखाली कुठं कण-खडा राहिला तरी तो टोचत नाही. पाणसळ काकांनी एकदा लावली, मी पुन्हा लावली, ते घरी गेल्यावर परत. एका कोपऱ्यात सूतभर जरी कमी-जास्त असलं तरी भरलेल्या टाकीच्या काचेला पीळ पडतो आणि सिलिकॉनचा सांधा कधी ना कधी सुटतो.

इथपर्यंत काका खूश होते. मग तिरप्या पट्ट्यांवरून आमचं वाजलं.

नुसते पाय आणि आडव्या पट्ट्या असल्या की चौकट वरून कितीही वजन घेते, पण बाजूनं धक्का बसला की चौकोनाचा समांतरभुज होतो. शाळेत शिकवतेच की मी. चौकोन डुलतो, त्रिकोण डुलत नाही. काका म्हणाले, पाठीला प्लाय मारला की डुलणं बंद. मी म्हटलं, प्लाय पण मारा आणि तिरप्या पट्ट्या पण. दोन्ही? दोन्ही. आणि बाजूंनी? बाजूंनी पण. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडं बघितलं, परत कानावर ठेवली.

“ताई, मासेच ठेवणारेत ना?”

अण्णांनी आज नेमकं तेच केलं. वरून दाबून कुणीही बघतं. अण्णांनी दोन्ही हातांनी धरून आडवं ढकललं. एकदा, मग पाय रोवून पुन्हा. स्टँड तसूभर हलला नाही. मग वाकून तिरप्या पट्टीवर बोट ठेवलं.

“ही कशाला?”

“हलू नाही म्हणून.”

आणि मग ते वाक्य.

मला काय ऐकायचं होतं? ‘चांगलं झालं’ एवढं पुरलं असतं. दादानं गावाकडं लोखंडी गेट बसवलं, तेही पैसे देऊन, दुसऱ्याकडून, तर अण्णा महिनाभर ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला “पोरानं बसवलं” सांगत होते. मी बीएडला पहिली आले तर “पहिली म्हंजे कितीजणांत?” मान्य, चाळीस ओलांडल्यावर बापाच्या शाबासकीची वाट बघू नये. पण गेले कित्येक रविवार मी पॉलिश पेपर घासून हाताची सालटी काढून घेतलीत, आणि मिळालं काय, तर घराशी तुलना.

शिवाय ते वाक्य खरंही नाही. तेच मला जास्त लागलंय. लाकूड तर तेच आहे अण्णा! माळवदाचं सगळं ओझं त्याच खांबांवर होतं. गळू नाही म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर टाकायचा, आधीचा कुणी काढायचं नाही, असं करत करत वरची माती हातभर झालेली. तेवढं सगळं या खांबांनी पेललं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बुडवून लोक नुकते कुठं झोपलेले, तेव्हा पडल्या त्या भिंती. दगड न् माती, मधे एकमेकाला धरणारं काहीच नाही. बऱ्याच घरांत तर भिंती गेल्या आणि लाकडी सांगाडा तसाच उभा होता. आमचेही दोन खण उभे होते. मधल्या खणाचं मी लिहिणार नाही.

मग मजबूत नव्हतं म्हणजे काय? लाकूड मजबूतच होतं. फक्त तिरपं काही नव्हतं त्याच्यात.

हे लिहिल्यावर मघापासून पेन थांबलंय. काका दोनदा विचारत होते मासेच ना म्हणून, आणि मी हो म्हणत होते.

अण्णांना बहुतेक कळलं असावं. किंवा नसेलही. ते फक्त स्टँडबद्दल बोलले असतील आणि मी इथं मध्यरात्री त्यांच्या सात शब्दांचं पुराण लावलंय, असंही होऊ शकतं. तसं असेल तर फारच हसण्यासारखं आहे.

शेजारच्या काकूंचं वेगळंच. लातुरात माशांला ३४० लिटर? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पिलो आपण, विसरलीस का. विसरले नाही. दर पंधरवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, ते काढलेलं कुंड्यांना घालायचं, झाडांना ते खतासारखं लागतं, असं मी त्यांना सांगितलं. पटलं नाही. अर्धं मलाही पटलेलं नाही. बोअरचं जड पाणी मॉली आणि गप्पींना मानवतं, तेवढंच त्यातल्या त्यात. लेकाला गोल्डफिश पाहिजेत. ते पुढचं भांडण.

आत्ता उठून दिवा लावला आणि स्टँडवर चढून बसले. हे झोपेतून उठून आले, काय करलालीस म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता शेजारी बसले. आवाजानं लेकही आला, तोही चढला. आमच्या तिघांचं मिळून टाकीच्या निम्मंही वजन भरत नाही. यांनी मुद्दाम डावीकडं-उजवीकडं झोके देऊन बघितले. काही नाही. “भूकंप आला तर हिच्याखालीच बसू,” लेक म्हणाला. त्याचा जन्मच २०१४ चा. मी हसले.

बरं, नसू दे शाबासकी. अण्णांनी आडवं ढकलून बघितलं, हे काही कमी नाही. गेटला तर त्यांनी नुसता हातच फिरवला होता.

सोमवार

सकाळी सात वाजता अण्णांचा फोन. मी डब्याच्या गडबडीत. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

“त्या तिरप्या पट्ट्या किती जाडीच्या हाइत?”

“एक इंच. का?”

“गोठ्याचं छप्पर वारं सुटलं की हलायलंय. खांब बरे हाइत.”

“अण्णा, गोठ्याला एक इंच नाही पुरणार. दोन तरी लागंल. आणि कुठल्या बाजूनं हलतंय ते बघावं लागंल आधी.”

“दीडनं भागतंय.”

“नाही भागत.”

“तुला काय कळतंय गोठ्यातलं?”

दोघंही गप्प. मग म्हणाले, सुतार रोजावर येतो का अंगावर काम घेतो ते विचारून ठेव. विचारते म्हटलं. शनिवारी शाळा सकाळची आहे, दुपारच्या गाडीनं जाईन माप घ्यायला. टेप माझाच नेणार. त्यांच्या टेपचे पहिले दोन इंच तुटलेत आणि ते मान्य करत नाहीत.