पेंटरचं दुकान : आमची वाटचाल

आमच्या पाट्या आणि लोगोंच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा हातात काहीतरी जुनं घेऊन येतं. पिवळं पडलेलं बिलबुक, मिठाईचा चेपलेला बॉक्स, कापडी पिशवी, नाहीतर मोबाईलमध्ये पाटीचा तिरका काढलेला फोटो. वाक्य ठरलेलं : "ताई, हेच पाहिजे. फक्त जरा नवीन करून द्या." या एका वाक्यावर ठाण्यात चरईच्या गल्लीत आमची वीस वर्षं गेली. 'हेच' म्हणजे नक्की काय आणि 'जरा' म्हणजे किती, हे शोधून काढण्याचेच आम्ही पैसे घेतो असं म्हटलं तरी चालेल.

धंदा मूळ बाबांचा. ते पेंटर. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. बाहेर पत्र्याचे बोर्ड भिंतीला टेकवलेले, आत इनॅमल आणि टर्पेंटाइनचा वास. बोर्डाला आधी रंगाचे दोन हात, मग खडूच्या पुडीत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची, की एक सरळ रेघ उमटे. ती शिरोरेखा. बाबा सगळं नाव आधी खडूने त्या रेघेखाली टांगून घेत आणि मगच ब्रश हातात धरत. इंग्रजी अक्षरं फळीवर मांडलेल्या डब्यांसारखी उभी असतात, आपली दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात, त्यामुळे मोजायला वरून सुरुवात कर, असं ते मला लहानपणापासून सांगत आलेत.

त्यांच्याकडे एक वही आहे. तिच्यात वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून चिकटवलेल्या, त्याही फक्त कमल शेडगे यांनी काढलेल्या नावांच्या. गडकरी रंगायतन आमच्यापासून चालत जाण्याएवढं. बाबा तिकीट काढून आत क्वचित गेले असतील, पण बाहेरचे बोर्ड बघायला नेमाने जात. नाव वाचायच्या आधी नाटक हसवणारं आहे की रडवणारं हे नुसत्या वळणावरून कळलं पाहिजे, ही त्यांची कसोटी. 2020 साली शेडगे गेल्याची बातमी आली त्या दिवशी बाबांनी ती वही काढली आणि पहिल्या पानापासून पुन्हा बघत बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

मग फ्लेक्स आला. चार दिवसांचं काम चार तासांत, तेही फोटोसकट. 2003 पर्यंत बाबांकडे नंबरप्लेटी आणि सोसायट्यांच्या 'गेटसमोर गाडी लावू नये' एवढंच उरलं होतं.

मी तेव्हा कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. डीटीपीचा तीन महिन्यांचा क्लास केला तो कुठेतरी टायपिंगची नोकरी मिळेल म्हणून. तिथे कोरेल, म्हणजे अक्षरं-चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, पाहिलं आणि नोकरी राहिली बाजूला. 2004 मध्ये आईची भिशी लागली, त्यातून जुना कॉम्प्युटर घेतला आणि जिन्याखालीच मांडला. कोरेलची सीडी कुठून आली ते विचारू नका. पहिलं लायसन्स आम्ही 2012 मध्ये घेतलं. त्याआधी काही वर्षं इंकस्केपवर काढली. ते फुकट आहे, आणि फुकट म्हणून लोक नाक मुरडतात तेवढं वाईट मुळीच नाही.

पहिले सहा महिने कामच नव्हतं. मग सराव म्हणून रोजच्या बघण्यातले लोगो पुन्हा काढायला घेतले. स्टेट बँकेचं निळं चिन्ह घ्या. 1971 मध्ये शेखर कामत यांनी केलेलं. मोठं वर्तुळ, मधे छोटं वर्तुळ, त्याच्याखाली सरळ चीर. कोरेलमध्ये दोन वर्तुळं, एक आयत, ट्रिम, झालं. माझं मात्र गॅसच्या बर्नरसारखं दिसायचं. चीर केसभर रुंद झाली तरी सगळं बिघडतं, हे बघत मी अख्खी दुपार घालवली. दूरदर्शनचा डोळा त्याहून कठीण. देवाशिष भट्टाचार्य यांनी एनआयडीत, म्हणजे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना केलेलं ते चिन्ह : मधे एक गोळा आणि भोवती एकमेकांकडे झेपावणारे दोन वळसे. वळसा कुठे जाड होतो आणि कुठे निमुळता, ते नजरेला कळतं पण हाताला कळत नाही. बाबा मागून येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "डोळे बारीक करून बघ." बारीक डोळ्यांना जे दिसत राहतं तेवढंच धरायचं, बाकीचं मागाहून.

त्याच नादात एकदा फेडेक्स या कुरिअर कंपनीचं नाव देवनागरीत करायला घेतलं. लिंडन लीडर यांच्या 1994 च्या मूळ लोगोत ई आणि एक्स या दोन अक्षरांच्या फटीत एक पांढरा बाण तयार होतो, तो एकदा दिसला की दिसतच राहतो. मी दोन रात्री 'डे' आणि 'क्स' यांच्या मधे तो बाण शोधला. असणारच नव्हता. तो त्या दोन रोमन अक्षरांच्या अंगातून निघालेला आहे, नुसता उच्चार इकडे आणला म्हणून मागोमाग येत नाही. तेव्हा वाटलं, दोन रात्री फुकट गेल्या.

या कामातलं हत्यार कोणतंही घ्या, कोरेल, इलस्ट्रेटर, इंकस्केप, सगळ्यांच्या पोटात एकच गणित आहे : बेझिए कर्व्ह, म्हणजे मोजक्या बिंदूंवरून वळण काढायची रीत. पिएर बेझिए हे रेनो या मोटारकंपनीतले इंजिनिअर. गाडीच्या बॉडीचे वळसे नेमके मांडता यावेत म्हणून 1960 च्या दशकात त्यांनी ही पद्धत वापरात आणली. सिट्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी त्याच वाटेने आधीच मजल मारली होती, पण त्यांच्या कंपनीने ते गुपित ठेवलं, त्यामुळे नाव झालं बेझिए यांचं. म्हणजे मुळात हे पत्र्याचंच गणित. हे बाबांना सांगितलं तेव्हा कॉम्प्युटरवरचा त्यांचा राग थोडा उतरला. वळण ज्या बिंदूला अडकवतात त्या नोडला ते खिळा म्हणतात, आता आमच्याकडे सगळेच म्हणतात.

फोटो टाकून ऑटो ट्रेस मारला तर कॉम्प्युटर एका 'व'ला शंभरावर खिळे ठोकतो. पडद्यावर ठीक दिसतं, पण दहा फुटी बोर्डावर नेलं की कड उंदराने कुरतडल्यासारखी. तोच 'व' हाताने काढला तर पंधरा-सोळा खिळ्यांत बसतो. वळण जिथे सगळ्यात वर, सगळ्यात खाली किंवा सगळ्यात डावीकडे पोचतं तिथेच खिळा, आणि त्याचं हँडल, म्हणजे वळण ओढायची दांडी, एकदम आडवं नाहीतर एकदम उभं. आणखी एक गोष्ट : 'व'चं पोट फिरून दांड्याला जिथे भेटतं तिथे जाडी तेवढीच ठेवली तर सांध्यावर काळा डाग पडल्यासारखा वाटतो. म्हणून तिथे रेघ हळूच बारीक करायची. बाबा हे ब्रश अर्धवट उचलून करत. मी बाणाची कळ दोनदा दाबते.

आमचा सगळ्यात महाग धडा 2011 चा. एका डेअरीचा बोर्ड, अॅक्रिलिकची लाल अक्षरं. तेव्हा आम्ही अजून जुन्या फॉन्टांवर होतो. एका फॉन्टमध्ये केलेलं दुसऱ्यात उघडलं की काय होईल याचा नेम नसायचा. फाईल वागळे इस्टेटमध्ये कटिंगला पाठवली. तिथल्या मशीनवर त्याच नावाचा पण जुना फॉन्ट होता, त्यात 'द्ध'च्या घरात भलतंच जोडाक्षर बसलेलं. कापणाऱ्या मुलाला मराठी वाचता येत नव्हतं, त्याने समोर दिसलं ते कापलं. रात्री बोर्ड चढला, दिवे लागले, आणि शेठनी फुटपाथवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं : "शुट्ट दूध." चूक संपूर्ण आमची. फाईल पाठवायच्या आधी कंट्रोल क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, केले असते तर फॉन्टचा प्रश्नच आला नसता. 9,400 रुपये अंगावर आले. दुसऱ्या दिवशी बाबांनी पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या इनॅमलने 'कंट्रोल क्यू' असं रंगवलं आणि माझ्या डोक्यावर ठोकलं. ती पाटी अजून आहे.

खरी गर्दी झाली ती मराठी पाट्यांच्या वेळी. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही त्यात आली. पाटी देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 25 सप्टेंबर 2023 ला दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि राम मारुती रोडपासून घोडबंदरपर्यंत सगळ्यांना आम्ही एकदम आठवलो. ज्यांनी वीस वर्षांत मराठी नावाचा विचार केला नव्हता ते म्हणत, "सेम टू सेम, फक्त मराठीत." तेव्हा फेडेक्सच्या त्या दोन रात्री कामी आल्या.

नौपाड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानाची गोष्ट सांगते. इंग्रजी नावात शेजारी शेजारी दोन ओ, आणि त्या दोघांचा चष्मा केलेला. छान लोगो, सगळ्या नौपाड्याच्या ओळखीचा. मराठीत आणायला गेलं तर दोन्ही ओ मिळून एक दीर्घ उकार! चष्मा गेला अक्षराच्या पायाशी. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने त्या उकाराच्या वेढ्यात काच बसवून दाखवली. मालक काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी एकाच डोळ्याचा इलाज करतो का?" पुढचे चार दिवस आम्ही अक्षरांना हातच लावला नाही, नुसते चष्मे बघितले. काकांकडे जुन्या पद्धतीच्या फ्रेम होत्या, वर जाड काळी पट्टी आणि खाली बारीक तार. ती पट्टी म्हणजे शिरोरेखाच की! मग नावाची शिरोरेखा जाड केली, मधे नाकाएवढी कमान दिली आणि टोकाला काडीसारखी वळवली. काच एकही काढली नाही. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं. मी काही बोलले नव्हते, ते आपोआप केलं त्यांनी.

त्या दोन महिन्यांत भांडणंही पुष्कळ झाली, बहुतेक टेपवरून. दोन फूट उंचीच्या पट्टीत इंग्रजी कॅपिटल अक्षर वरपासून खालपर्यंत भरून राहतं. मराठी नावाला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार हवा, त्यामुळे मधल्या अक्षराला जेमतेम निम्मी उंची मिळते. टेपने दोन्ही सारखी, डोळ्यांना मराठी बारीक. आम्ही मधलं अक्षर धरून मोजायचो, बोर्डावाला वरचं टोक धरून मोजायचा. शिवाय फॉन्टातले 'ल' आणि 'श' पुष्कळदा हिंदी वळणाचे निघतात. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण "हे आपलं वाटत नाही" एवढं ते नक्की सांगतं. ती दोन अक्षरं आम्ही दर वेळी हाताने बदलतो आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही. खरं तर लावायला हवेत.

मोठ्या ब्रँडच्या लोगोसारखंच थोडं फिरवून द्या म्हणणारे महिन्याला दोन-तीन तरी येतात. सराव म्हणून काढणं वेगळं आणि दुसऱ्याचा ट्रेडमार्क आपल्या दारावर चढवणं वेगळं, हे समजावून चहा पाजून परत पाठवतो. हल्ली काहीजण एआयने केलेलं चित्र घेऊन येतात. रंग झकास, प्रकाश झकास आणि नावातली जोडाक्षरं मोडून पडलेली. मी तक्रार करत नाही, ती नीट लावून देण्याचं आणखी एक काम मिळतं.

आता आम्ही चौघं आहोत, टॅबलेट आणि पेन आहे, जिन्याखालून पहिल्या मजल्यावर आलो. बाबांचा ब्रश सुटला, हात थरथरतो. पण संध्याकाळी येऊन बसतात.

गेल्या वर्षी जांभळी नाक्याकडचे एक मिठाईवाले बॉक्स घेऊन आले. वाक्य नेहमीचं. बॉक्सवरचं नाव बाबांच्याच हातचं, 1986 च्या बोर्डावरून उतरवलेलं. मी स्कॅन करून वर बसून एकेक खिळा ठोकला. 'मिठाई'तल्या 'ई'ची शिरोरेखा मधेच किंचित वर उडी मारून परत खाली आली होती. छपाईत हललं असेल समजून मी ती सरळ केली. शेठना पसंत पडलं, त्यांच्या मुलाला पसंत पडलं. घरी दाखवायला नेलं तर त्यांच्या ऐंशीच्या पुढच्या आई म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाचं आहे." काय बदललंय ते त्यांना सांगता येईना. शेठ बिचारे ओशाळून परत आले.

मी जुनं आणि नवं एकावर एक ठेवून आठशे टक्क्यांवर नेलं. बाबा मागे बसले होते. त्यांनी ती उडी पाहिली आणि हसायलाच लागले. त्या बोर्डाला दोन पत्रे जोडले होते, जोडावर रिबिट होतं. ब्रश रिबिटावर चढला तर रंग फाटतो, म्हणून त्यांनी रेघ त्याच्यावरून वळसा घालून नेली होती. पुढे बॉक्सवाल्याने ती तशीच उतरवली, पिशवीवाल्याने बॉक्सवरून घेतली. 37 वर्षं ती रेघ त्या रिबिटाला वळसा घालत होती.

उडी परत घातली, चार नोडमध्ये. नवा बोर्ड एसीपीचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पॅनेलचा, काचेसारखा गुळगुळीत. चढवायला आलेला मुलगा शिडीवर थांबला आणि अक्षरावरून बोट फिरवून म्हणाला, "ताई, इथे रेघ वाकडी कापली गेलीय. उतरवू का?"

"राहू दे," बाबा खालून म्हणाले, "तिथे रिबिट आहे."