एल्कच्या शिकारीला जाताय? रायफलला स्लिंग लावा, पण काढताही आली पाहिजे

ऑक्टोबरमधे चार दिवस फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात जाऊन आलो, अमेरिकेत कोलोरॅडोच्या वायव्येला, मीकर गावाच्या पुढे. टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, एल्क या मोठ्या हरणाच्या मादीचा होता. (आपल्याकडे शिकार बंद आहे, हे सगळं इथलं, लायसन्स काढून.) सोबत शेजारचे आजोबा, इथलेच, आयुष्यभर डोंगरात शिकार केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी पहाटे झाडी सुरू झाली तशी त्यांनी रायफलची स्लिंग, म्हणजे खांद्याला लटकवायचा पट्टा, काढून खिशात टाकली. मी नाही काढली.

कारण चढ. डेन्वरच 5280 फुटांवर, म्हणजे जवळपास कळसूबाईचा माथा, आणि आमचा तंबू त्याच्याही चार हजार फूट वर. वरचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) मोजून रायफल चार किलोच्या आसपास, पाठीवर सॅक, दोन्ही हातात काठ्या, मग रायफल धरायची कशी? उघड्या वाटेवर स्लिंगला पर्याय नाही, हे मी आजही म्हणेन.

पण स्प्रूसच्या दाट झाडीत गोष्टच वेगळी. नळी डोक्याच्या वर जाते त्यामुळे दर फांदीत अडकते, जरा वाकलं की रायफल घसरून कोपरात येते, आणि स्लिंग अडकवायची ती कडी लाकडावर टिक टिक वाजत राहते, आपल्याला सवय होते म्हणून ऐकू येत नाही एवढंच. साठ-सत्तर पावलांवर पिवळट ढुंगण दिसलं, मग मान वळली, मादीच होती, कान सरळ माझ्याकडे. मी अंगठा घालून रायफल उतरवायला गेलो तर स्लिंग सॅकच्या पट्ट्यात गुंतलेली, कडी एकदाच वाजली आणि मादी दोन झाडांच्या मधून निघून गेली. एवढ्या मोठ्या जनावराचा पाय वाजला नाही हो. फार वाईट वाटलं, सहा महिने त्या क्षणाची वाट बघितली होती.

आजोबा रागावले मात्र दुसऱ्याच गोष्टीवर. आडव्या पडलेल्या खोडाखालून जाताना मी पुढे वाकलो तेव्हा खांद्यावरच्या रायफलची नळी सरळ त्यांच्या पाठीकडे वळली होती. चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं होतं, तरी नाही म्हणजे नाही. एकामागे एक चालत असाल तर वाकायच्या आधी रायफल हातात घ्या. तारेचं कुंपण आलं तर गोळ्या काढा, रायफल आधी पलीकडे आडवी ठेवा, मग स्वतः जा. आणि झाडावरच्या मचाणावर बसणार असाल तर खांद्याला लटकवून कधीच चढू नका, रिकामी करून दोरीने वर ओढा.

घेताना बटण दाबून सुटणाऱ्या कड्यांचीच स्लिंग घ्या, हातमोज्यात सुटते का ते दुकानातच बघा. फार लवचिक रबरी नको, चालताना रायफल वरखाली उडते. कड्यांना कापडी टेप गुंडाळा. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप लावा, कारण नळी खाली करून लटकवली आणि घसरलात की आत बर्फ किंवा चिखल जातो आणि तशी गोळी झाडली तर नळी फाटू शकते. अजून एक, इथे कंबरेच्या वर 500 चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि टोपी सक्तीची आहे, पण सॅकने मागचं जॅकेट झाकलं जातं, म्हणून सॅकलाही केशरी कव्हर घाला.

चौथ्या दिवशी स्लिंग कामाला आली ती वेगळ्याच प्रकारे. बसून, कोपरं गुडघ्यावर, डावा हात स्लिंगमधे पिळून घट्ट ताण दिला तर धापेने हलणारा स्कोप स्थिर झाला. 180 यार्ड, एकच गोळी.

मग दोघांनी मिळून मांस खाली आणायला चार फेऱ्या, अंधार पडला, रायफल रिकामी करून सॅकला आवळून बांधली. तेव्हा आजोबांनीही खिशातून त्यांची स्लिंग काढून परत लावली.