143 ब्लाउज पीस आणि एक बंब

2024 च्या एप्रिलमध्ये माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवायला आम्ही तिघं लागलो. नवरा स्टुलावर, मुलगा मधे आणि मी खाली. सासूबाई दारात उभ्या राहून "सावकाश रे, कडी निखळलीये तिची" म्हणत होत्या. ट्रंक उघडली. आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मग दिसले ते घड्या घालून, नाडीनं गठ्ठे बांधून ठेवलेले ब्लाउज पीस. मुलानं मोजले. 143 भरले.

आमची पुण्यातल्या सहकारनगरमधली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. सासऱ्यांनी 1979 मध्ये घेतलेलं ते घर. तीन खोल्या, दोन माळे, शिवाय ग्रिल लावून कोठी करून टाकलेली बाल्कनी. मे अखेरीस भाड्याच्या घरात जायचं होतं आणि तिथे माळा नव्हता. सामान निम्म्यावर आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

घर आवरण्याचे पुष्कळ व्हिडिओ मी बघून ठेवले होते. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग करायचे, वर्षभर वापरलं नसेल ते काढायचं, नवीन खरेदी थांबवायची. पहिल्याच शनिवारी लक्षात आलं की हे आपल्या घराला लागू पडत नाही, कारण आमच्या घरातला पसारा आम्ही विकत आणलेलाच नव्हता. स्वयंपाकघरात स्टीलच्या 61 वाट्या निघाल्या. त्यातल्या आम्ही दुकानातून आणलेल्या 12. बाकीच्या कुणाच्या संक्रांतीच्या वाणाच्या, कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या मंगळागौरीच्या. प्लॅस्टिकचे डबे वाणाचे. चहाचे ट्रे आहेराचे. नवऱ्याला ऑफिसातून मिळालेली स्मृतिचिन्हं, सासऱ्यांच्या निवृत्तीच्या शाली, वास्तुशांतीत आलेली भिंतीवरची घड्याळं. घड्याळं पाच, आणि भिंतीवर एकच लावलेलं. मोठ्या पातेल्यांवर तर नावंच घातलेली, तारखेसकट, त्या टोचून काढलेल्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात. ज्या भांड्यावर आत्याचं नाव आहे ते टाकायच्या ढिगात ठेवायला हात धजत नाही.

खरेदी कमी करा, हे सांगणं सोपं आहे. पण आपल्याकडे वस्तू बाजारातून जितक्या येतात तितक्याच माणसांकडून येतात, आणि माणसांना तीन ढिगांत वाटता येत नाही.

ब्लाउज पीस ही तर या सगळ्यातली मुख्य गोष्ट. ओटी भरली की पीस, सवाष्ण जेवली की पीस, लग्नाला गेलं की निघताना हातात पीस. ते कुणी शिवत नाही. आताच्या मापाला पुरतही नाहीत बहुतेक. कपाटातून निघतात आणि दुसऱ्या कुणाच्या कपाटात जातात. आमच्याकडचे पुढे का गेले नाहीत ते मला एक गठ्ठा सोडल्यावर कळलं. प्रत्येक पिसाला एक सेफ्टी पिन आणि पिनेत वहीच्या पानाची बोटभर चिठ्ठी. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, शाळकरी गोल अक्षर. एकीवर 'वास्तुशांत, धायरी, 2003'. एकीवर 'मधल्या जाऊबाई, डोहाळजेवण'. एकीवर फक्त 'दवाखान्यात भेटायला आल्या होत्या'.

मला वाटलं, ज्यांनी दिला त्यांनाच परत जाऊ नये म्हणून ही खबरदारी असेल. पुष्कळ घरांत असते. मी तसं म्हणाले. आई खुर्चीवर टेकल्या होत्या. म्हणाल्या, "तेही आहेच. पण कुणी दिलं ते विसरायचं नसतं गं."

आणि मग पानशेतचं बोलल्या.

12 जुलै 1961. आई तेव्हा नऊ वर्षांच्या, नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर राहायच्या. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. ही मंडळी अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळाली. पूर ओसरल्यावर परत आली तेव्हा मातीच्या भिंती बसलेल्या होत्या आणि राहत्या जागेत कमरेएवढा गाळ होता. आईंच्या वडिलांनी त्या गाळातून दोन दिवस हातांनी उकरून पाणी तापवायचा तांब्याचा बंब बाहेर काढला. एका बाजूनं चेपलेला. बाकी काही हाती लागलं नाही. पुढे काही काळ गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वस्तीत काढला.

हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आहे. पण दरवेळी पाण्याची गोष्ट म्हणून ऐकलं होतं. त्या दिवशी आईंनी भांड्यांची गोष्ट सांगितली. पुरानंतरचा पहिला स्वयंपाक सदाशिव पेठेतल्या एका लांबच्या नातेवाइकांनी दिलेल्या दोन पातेल्यांत झाला. चार ताटल्या शेजारच्या वाड्यातून आल्या. तवा कुणी दिला, तांब्या कुणी दिला, त्यांच्या आईला लुगडं आणि खण कुणी नेसवला, हे सगळं त्या 72 व्या वर्षी न अडखळता सांगत होत्या. "माझी आई जाईपर्यंत ही यादी म्हणायची," त्या म्हणाल्या. "दिलेलं परत करता येत नाही, निदान जपता तरी येतं."

मी गठ्ठा परत बांधला. पुढचे आठ दिवस त्या ट्रंकेला कुणी हात लावला नाही. मला स्वतःचीच चीड आली होती. वीस वर्षं ज्या ट्रंकेला मी मनातल्या मनात अडगळ म्हणत होते ती त्यांच्या लेखी हिशेबाची वही होती.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी पडले होते. उठून बाहेर आले तर आई जमिनीवर बसकर टाकून बसलेल्या, ट्रंक उघडी, चष्मा नाकावर. एकेक पिन काढत होत्या. चिठ्ठी वाचायच्या, क्षणभर थांबायच्या, चिठ्ठी बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि पीस डावीकडे ठेवायच्या. पिना एका मोठ्या पिनेत ओवत होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. मधेच एखादी चिठ्ठी मोठ्यानं वाचायच्या, "ही गेली बघ, दोन वर्षं झाली." चार वाजता चहा केला, पुन्हा बसलो. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा डबा चिठ्ठ्यांनी भरला होता. गुळेदगुड्डचे खरे खण 11 निघाले, ते त्यांनी उजवीकडे ठेवले. "हे राहू देत. बाकीचं तुला काय करायचं ते कर."

सुती होते ते गल्लीत गोधड्या शिवणाऱ्या मावशींकडे दिले. दोन गोधड्या झाल्या, एक आता मुलाच्या अंगावर असते. पॉलिस्टरच्या पिसांना मात्र कुणी विचारीना. शेवटी पिशव्या शिवणाऱ्या एका टेलरनं नेले. दिवाळीला नातेवाइकांना कापडी पिशव्या द्यायची कल्पना मला सुचली होती. ती मीच मोडून काढली, कारण त्यांच्या घरी आणखी एक वस्तू पाठवून मी काय साधणार होते?

जुन्या साड्यांसाठी बोहारणीला बोलावलं. साड्या ढीगभर, पण बदल्यात भांडं नको म्हटल्यावर ती बसलेली उठली. "रिकाम्या हातानं कपडा उचलत नाही आम्ही, ताई. दारात बरं दिसत नाही." तिचं म्हणणं मला पटलं, अजूनही पटतं. तिचा तो धंदा आहे, आणि मी त्याला दान करून टाकत होते. आईंनी तिच्याकडून एक लहान गाळणं घेतलं, आमचं मोडलं होतं म्हणून. घासाघीस मात्र पहिल्यासारखीच केली. दोघींना मजा आली.

पितळेचे डबे आणि घंगाळं तांबट आळीत मोडीत घातली. स्टीलची मोठी पातेली कामाला येणाऱ्या ताईंच्या भाचीच्या लग्नात उपयोगी पडली, तीही नावांसकट. नावं घासून काढू का असं ताईंनी विचारलं तेव्हा आईच म्हणाल्या, राहू देत.

बंब ठेवला.

नव्या घरात आलो आणि दोन-तीन महिन्यांत मला कळून चुकलं की आवरणं एकदाचं होऊन जातं, खरं काम उंबऱ्यावर असतं. गणपती, नवरात्र, दिवाळी. पुन्हा वाट्या यायला लागल्या. तेव्हा सगळ्यांना फोन करून सांगायचं ठरवलं. आमच्याकडे येताना काही आणू नका, आणि आम्हीही आणणार नाही. मेसेज मुद्दाम टाकला नाही. असं सांगणं मेसेजमध्ये तोडून टाकल्यासारखं वाटतं. तरी एक वन्सं दुखावल्याच. "म्हणजे आमचं दिलेलं जड झालं का?" दोन महिने त्यांचा फोन आला नाही. ते दोन महिने मला जड गेले, खोटं कशाला सांगू. शेवटी आईंनीच त्यांना फोन करून चिठ्ठ्यांच्या डब्याचं सांगितलं, तुझ्या चिठ्ठ्या 14 आहेत म्हणून. त्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी आल्या आणि रात्री जेवून गेल्या.

2025 च्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून हरभऱ्याचे डहाळे लुटले. सुगडात आपण घालतोच की हरभरा, बोरं, गाजर, ऊस, गव्हाच्या ओंब्या. तेच मार्केट यार्डातून पहाटे आणलं, जुड्या बांधल्या आणि तिळगुळाबरोबर दिलं. एक-दोघींनी जरा बावरून घेतल्या. पण रात्री चार घरांतून सोलाण्याच्या उसळीचे फोटो आले. या वर्षी आमच्या इमारतीत आणखी तिघींनी असंच केलं, एकीनं कोथिंबीर दिली, एकीनं मेथी. 17 मे 2026 ला अधिक ज्येष्ठ सुरू होतोय. 2023 च्या अधिक श्रावणात माझ्या सातारच्या आईनं जावयाला चांदीच्या ताटलीतून 33 अनारसे दिले होते. या वेळी फक्त अनारसे दे, ताटली नको, असं तिला सांगितलंय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. मी मागे लागलेय.

वेळेचंही थोडं सांगते. फ्रिजवर आमचं आठवड्याचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. मुलाचा अबॅकस, शिष्यवृत्तीचा क्लास, तबला, क्रिकेट. माझी भिशी, सोसायटीची कमिटी, गुरुवारचं भजनी मंडळ, शिवाय रविवारी कुणाचं तरी काहीतरी. घर हलवताना तो कागद फाटला. नवा लिहायला बसले आणि जाणवलं की यातलंही बरंचसं कुणीतरी आग्रहानं हातात ठेवलेलं आहे, आणि ठेवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मी ते वर्षानुवर्षं सांभाळते आहे. मुलाला विचारलं, तुला यातलं काय हवंय? "तबला," तो म्हणाला. एवढंच. बाकीचं बंद केलं. शिष्यवृत्तीचा अभ्यास घरी केला, शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि मला त्याबद्दल अजिबात चुटपुट नाही. संध्याकाळी तो खिडकीत बसून तबल्यावर कायदा वाजवतो तेव्हा मी कणीक मळत असते, घड्याळाकडे न बघता. भिशी सोडली. भजन ठेवलं, ते माझं आहे. सोमवारी आणि गुरुवारी रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड, बस. कुणी पाहुणे आले तरी खिचडीच. पहिल्यांदा हे करताना मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली.

शनिवारी दुपारी आता काही नसतं. आई आणि मी बाल्कनीत बसतो. कधी त्या डबा काढतात आणि चिठ्ठ्या वाचतात. आता त्यांना त्यातल्या गोष्टी सांगायलाही वेळ असतो आणि मला ऐकायलाही. मधल्या जाऊबाईंच्या डोहाळजेवणाची अख्खी हकिगत मला माहीत झाली आहे.

बंब त्याच बाल्कनीच्या कोपऱ्यात असतो, चेपलेली बाजू भिंतीकडे करून. विस्तव घालायचा प्रश्नच येत नाही, घरात गीझर आहे. पण रोज झोपण्याआधी आई तो काठोकाठ भरून ठेवतात. पुरानंतर खडकवासल्याचं धरणच उरलं नव्हतं, नळ कोरडे होते, आणि नऊ वर्षांची ती मुलगी विहिरीवरून कळशी आणायची. या घरात चोवीस तास पाणी आहे. मी त्यांना काही म्हणत नाही. सकाळी उठले की तोटी सोडून ते पाणी बादलीत घेते आणि कुंड्यांना घालते. रात्री त्या पुन्हा भरतात.